पोवळं जिवंत असताना

भूमध्य समुद्राच्या काठाला, पाण्याखाली, चुनखडीच्या कपारी आहेत, गुहा आहेत. पोवळं तिथे वाढतं आणि बऱ्याचदा उलटं वाढतं, म्हणजे गुहेच्या छताला धरून, फांद्या खाली सोडून. याचं कारण त्याच्या अगदी पहिल्या दिवसांत सापडतं. पोवळ्याची एक फांदी म्हणजे एकमेकांना जोडलेल्या अनेक चिमुकल्या जिवांची वसाहत. उन्हाळ्यात मादी वसाहतीतून जो डिंभ, म्हणजे पिल्लू, बाहेर पडतो तो अळीसारखा लांबट, पांढरा, जेमतेम मिलिमीटरभर असतो. त्याला डोळे नाहीत. तो काही खातही नाही. आईनं दिलेल्या शिदोरीवर जगतो. अंगभर असलेल्या सूक्ष्म केसांच्या हालचालीवर तो पोहतो, आणि पोहतो तो वरच्या दिशेनं. मधेच थांबतो, थोडा खाली येतो, पुन्हा वर निघतो. वर जाता जाता ज्या खडकाला टेकतो त्याला तो चिकटू पाहतो. उन्हाच्या बाजूला शेवाळं माजलेलं असतं, तिथे त्याचा टिकाव लागत नाही. छताच्या सावलीत जागा मोकळी असते. तिथे तो बसतो, त्याला तोंड फुटतं, तोंडाभोवती आठ बाहू उगवतात, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच एका बिंदूवर जातं. ते आयुष्य शंभर वर्षांचंही असू शकतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटलं नव्हतं. पोवळं मला लहानपणापासून माहीत होतं. आजीच्या मंगळसूत्रात काळ्या मण्यांच्या मधे दोन पोवळी होती. मंगळ कडक असलेल्या मामाच्या बोटात पोवळं होतं. वैद्यांनी पित्तावर दिलेली प्रवाळपिष्टी घरात असायची. नवरत्नं मोजताना माणकानंतर, मोत्यानंतर त्याचं नाव यायचं. या सगळ्यात ते कधी जिवंत होतं, त्याला तोंड होतं, ते पिल्लं घालत होतं, हे कुणी म्हटलं नाही. मोत्याबद्दल निदान शिंपला तरी सांगितला जातो. पोवळ्याच्या वाट्याला तेवढंही आलं नाही, आणि याची मला फार चुटपुट लागून राहिली. म्हणून हा लेख त्याच्या देहाबद्दल आहे, आणि त्या देहाला प्राणिसृष्टीत नेमकं कुठे बसवायचं यावर माणसांनी जी तीनशे वर्षं खर्च केली त्यांच्याबद्दल.

शास्त्रीय नाव कोरॅलियम रुब्रम. कोरॅलियम हा वंश, रुब्रम ही जाती. भूमध्य समुद्रात आणि त्याला लागून असलेल्या अटलांटिकच्या काही भागात ही जाती सापडते. पाणबुडे जिथे सहज पोचतात तिथपासून ती सुरू होते, पण तिथे संपत नाही. माल्टाच्या परिसरात १०१६ मीटर खोलीवर जिवंत कोरॅलियम रुब्रम दिसल्याची नोंद २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिचे पॅसिफिकमधले नातलग तर मुख्यतः खोल पाण्यातलेच, शेकडो मीटर खालचे. काही दोन हजार मीटरपेक्षाही खाली राहतात. तिथे ऊन नाही, लाटा नाहीत. प्रवाह मात्र हवा, कारण हे सगळे प्राणी वाहत येणाऱ्या अन्नावर जगतात. लक्षद्वीपच्या उथळ, उबदार पाण्यातल्या प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि उन्हापासून साखर बनवून यजमानाला देतात. पोवळ्याकडे असे भाडेकरू नाहीत. प्रवाह जे आणेल ते, सूक्ष्म प्लवक, सेंद्रिय कण, वरून झिरपत आलेला जिवांचा चुरा, एवढ्यावर त्याचं चालतं. त्यामुळे अंधाराचं त्याला वावडं नाही, आणि त्यामुळेच त्याची वाढ इतकी सावकाश होते.

आता देह. जिवंत पोवळ्याची फांदी लाल दिसते, पण ती चकाकत नाही. दिसणारा लाल रंग सांगाड्यावर चढलेल्या पातळ, मऊ, जिवंत सालीचा असतो. या सालीत असंख्य कंटिका रुतलेल्या असतात. कंटिका म्हणजे चुन्याचे खडबडीत कण, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेली त्यांची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहत असतो. एक बारका दांडा, त्यातून ठरावीक कोनांत निघालेले सहा, सात किंवा आठ गड्डे, आणि प्रत्येक गड्ड्यावर टेंगळं. काही जातींत दोन गोळे शेजारी शेजारी जोडल्यासारखी कंटिका असते, तिला नाटकगृहात वापरायच्या छोट्या दुर्बिणीचं नाव पडलंय. एका फांदीत अशा लाखो कंटिका, आणि प्रत्येक जातीचा त्यांचा घाट ठरलेला. वर्गीकरण करणारे लोक फांदीचा रंग, उंची, डौल यांच्यावर फारसा भरवसा ठेवत नाहीत. सालीचा कण विरंजक द्रावणात टाकून मांस विरघळवतात आणि खाली उरलेल्या कंटिका पाहतात.

सालीतून जागोजागी पॉलिप, म्हणजे वसाहतीतले ते चिमुकले जीव, बाहेर येतात. ते पांढरे, जवळजवळ पारदर्शक, काही मिलिमीटरचे असतात. प्रत्येकाला आठ बाहू, आणि प्रत्येक बाहूच्या दोन्ही कडांना बारीक उपशाखांची रांग, त्यामुळे बाहू पिसासारखा दिसतो. पोटाच्या पोकळीतही आठ उभे पडदे. हा आठाचा नियम मोडत नाही. मालवणच्या किनाऱ्यालगत, सिंधुदुर्गाच्या आसपास जी दगडी प्रवाळं आहेत त्यांचे बाहू आणि पडदे सहाच्या पटीत असतात. ते एक घराणं, हे दुसरं. या दोन घराण्यांचे रस्ते पन्नास कोटी वर्षांच्या आसपास वेगळे झाले असावेत असा अंदाज आहे. शिवाय दगडी प्रवाळाचा पॉलिप चुन्याची वाटी बांधून तिच्यात बसतो, म्हणजे त्याचा सांगाडा देहाच्या खाली आणि बाहेर. पोवळ्याचा सांगाडा आत, वसाहतीच्या गाभ्यात, हाडाभोवती मांस असावं तसा. ‘प्रवाळ’ या एका शब्दाखाली आपण या दोघांना एकत्र बसवतो, एवढंच.

पॉलिप दोन तऱ्हेचे असतात, आणि मला हा भाग सगळ्यात विलक्षण वाटतो. बाहू असलेले पॉलिप खातात. त्यांच्या मधल्या जागेत दुसरे असतात, बारीक फोडाएवढे, बाहू नसलेले. ते शिकार करत नाहीत. वसाहतीच्या नळ्यांतून पाणी खेळतं ठेवणं हे त्यांचं काम. साऱ्या वसाहतीत नळ्यांचं जाळं पसरलेलं असतं. एका पॉलिपनं पकडलेलं अन्न या नळ्यांतून शेजाऱ्यापर्यंत पोचतं. पॅसिफिकमधल्या काही जातींत तर अंडी आणि शुक्रपेशीसुद्धा या बिनबाहूच्या पॉलिपांत तयार होतात. भूमध्यातल्या पोवळ्यात मात्र ते काम बाहूवाल्यांकडेच. मग ‘एक प्राणी’ म्हणायचं कुणाला? पॉलिपला की फांदीला? सगळे पॉलिप एकाच डिंभातून कळी फुटावी तसे फुटत गेलेले, सगळ्यांचं मूळ एक, सगळ्यांचं पोट एकमेकांना जोडलेलं. मी फांदीला एक मानतो. पण तसं मानणं सोयीचं आहे म्हणून मानतो, हेही खरं.

नळ्यांपैकी ज्या अगदी आतल्या, थेट सांगाड्यावर टेकलेल्या, त्या फांदीच्या लांबीला समांतर धावतात. त्यांचे वळ सांगाड्यावर उमटतात. साल काढलेल्या, पॉलिश न केलेल्या पोवळ्यावर ज्या बारीक उभ्या रेघा दिसतात त्या या नळ्यांच्या खुणा. पॉलिश केल्यावरही भिंगाखाली त्यांचा मागमूस राहतो, आणि रत्नपारखी खऱ्या पोवळ्याची ओळख त्यावरूनच पटवतात. बाजारात बांबू प्रवाळाला लाल रंग देऊन पोवळं म्हणून विकतात. त्याच्यावरही रेघा असतात, पण रुंद आणि ढोबळ. सराफाच्या भिंगाखाली दिसणारी ती रेघ म्हणजे एका प्राण्याच्या अन्नवाहिनीचा ठसा आहे, हे कळल्यापासून माझी त्या रेघेकडे बघण्याची नजर पार बदलली.

सर्वांत आत सांगाडा. मॅग्नेशियमचं प्रमाण जास्त असलेलं कॅल्साइट, त्यात थोडं सेंद्रिय द्रव्य, आणि रंग कॅरोटिनॉइड कुळातल्या द्रव्यांचा. फांदीच्या टोकाशी कंटिका एकमेकींना सांधल्या जाऊन गाभा तयार होतो. पुढे जाडी वाढते ती थरावर थर चढून. हे थर झाडाच्या खोडातल्या वर्तुळांप्रमाणे वर्षाला एक पडतात, पण साध्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. सांगाड्याचा पातळ काप करून त्यातलं सेंद्रिय द्रव्य रंगवलं की वर्तुळं उमटतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २००४ साली ही रीत प्रसिद्ध केली आणि पोवळ्याचं वय आधी समजत होतो त्याहून बरंच जास्त असल्याचं दिसलं. बुंध्याची जाडी वर्षाला सुमारे ०.३५ मिलिमीटरनं वाढते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. तांदळाच्या दाण्याएवढी जाडी यायला पाच-सहा वर्षं. अंगठीत बसवण्याजोगं पोवळं ज्या फांदीतून निघतं ती आपल्यापैकी अनेकांपेक्षा वयानं मोठी असते.

हा प्राणी आहे हे ओळखायला माणसाला इतका उशीर का लागला, याचं उत्तर त्याच्या देहातच आहे. त्याला पाण्याबाहेर काढलं की पॉलिप आत ओढले जातात. कोळ्याच्या हातात येते ती लाल सालीची फांदी, आणि साल वाळून गळाली की दगड. ग्रीकांच्या कथेत, जिच्याकडे पाहणारा दगड होई त्या मेडुसाचं तोडलेलं मस्तक समुद्रवनस्पतींवर ठेवलं आणि त्या दगड झाल्या, तेच पोवळं. पाण्यात मऊ, हवेत कडक, ही समजूत त्या कथेपासून शतकानुशतकं चालत आली. लोक त्याला झाड म्हणत, दगड म्हणत, दगडाचं झाड म्हणत. जे हाताला लागत होतं त्यावरून दुसरं काही म्हणताही आलं नसतं.

१७०६ सालच्या हिवाळ्यात बोलोन्याचा काउंट लुइजी फेर्दिनांदो मार्सिली मार्सेयजवळच्या कासी गावी होता. हा मूळचा सैनिक, तुर्कांच्या कैदेत राहून आलेला, पुढे समुद्राच्या अभ्यासाला वाहून घेतलेला. त्यानं एक अगदी साधी गोष्ट केली. कोळ्यांनी काढलेल्या फांद्या समुद्राच्या पाण्यातच ठेवल्या, काचेच्या भांड्यांत. थोड्या वेळानं लाल सालीवर पांढरी फुलं उमलली. प्रत्येकाला आठ पाकळ्या. फांदी बाहेर काढली की मिटत, पाण्यात सोडली की पुन्हा उमलत. मार्सिलीला वाटलं, झालं सिद्ध : पोवळं वनस्पती आहे, ही घ्या त्याची फुलं. त्यानं पॅरिसला कळवलं आणि विद्वानांनी ते आनंदानं स्वीकारलं. मार्सिलीला हसावंसं मला कधीच वाटलं नाही. जे त्याच्याआधी कुणी पाहिलं नव्हतं ते त्यानं पाहिलं, पाकळ्या बरोबर मोजल्या, मिटणं-उमलणं नोंदलं. चुकलं ते फक्त नाव.

ते दुरुस्त केलं जाँ-आंद्रे पेसोनेलनं. मार्सेयचा तरुण डॉक्टर. १७२० च्या प्लेगनं त्याच्या शहराची दैना केली होती आणि त्याचे वडील, तेही डॉक्टर, त्याच साथीत गेले होते. १७२३ मध्ये मार्सेयच्या समुद्रात आणि त्यानंतर उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, पोवळं काढणाऱ्या कोळ्यांसोबत, त्यानं मार्सिलीचाच प्रयोग पुन्हा केला, पण पुढे नेला. उमललेल्या फुलाला स्पर्श केला तर ते आकसलं. पाकळ्या हलत होत्या, पाय हलवावेत तशा. भांडं विस्तवाजवळ ठेवलं तर सगळी ‘फुलं’ उमलली. पाणी उकळवलं तर ती तशीच, उघडी, सालीबाहेर राहिली. त्यानं निष्कर्ष काढला की हे समुद्रफुलासारखे, म्हणजे खडकांवर चिकटून राहणाऱ्या त्या मऊ बाहूंच्या प्राण्यासारखे जीव आहेत आणि दगड ते बनवतात. त्या काळच्या भाषेत त्यानं त्यांना कीटक म्हटलं.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत तेव्हा रेओम्यूर या निसर्गशास्त्रज्ञाचा शब्द चाले. पेसोनेलची टिपणं त्याच्याकडे पोचली. त्याला ती कल्पना इतकी अशक्य वाटली की अकादमीपुढे ती मांडताना त्यानं लेखकाचं नावच घेतलं नाही. तरुण माणसाचं हसं होऊ नये म्हणून, असं त्याचं कारण. पेसोनेल १७२७ च्या सुमारास राजाचा वैद्य म्हणून कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर निघून गेला. मग १७४० च्या दशकात त्रॉम्बले या निसर्गशास्त्रज्ञानं गोड्या पाण्यातल्या हायड्रावर केलेले प्रयोग गाजले : कापलं तरी पुन्हा वाढणारा, झाडासारखा दिसणारा, पण निःसंशय प्राणी. वनस्पतिशास्त्रज्ञ बेर्नार द जूस्यू फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जाऊन समुद्री नमुने पाहून आला. रेओम्यूरनं १७४२ साली, छापील मजकुरात, पेसोनेलचं म्हणणं बरोबर होतं असं नावानिशी लिहिलं. त्यानंतरही पेसोनेलचं मूळ हस्तलिखित पॅरिसमध्ये छापलं गेलं नाही. त्याचा सारांश १७५२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत वाचला गेला. तोवर त्यानं ते पाहिल्याला जवळजवळ तीस वर्षं झाली होती. ग्वादलूपमध्ये बसून त्याला काय वाटत असेल याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

प्राणी हे ठरलं, पण कोणता प्राणी? जीवांना शास्त्रीय नावं देण्याची रीत घालून देणाऱ्या लिनियसनं १७५८ मध्ये त्याला मॅड्रेपोरा या वंशात घातलं, म्हणजे दगडी, सहाच्या पटीतल्या प्रवाळांच्या पंगतीत. इतरांनी आयसिस म्हटलं, गॉर्गोनिया म्हटलं. कोरॅलियम हा स्वतंत्र वंश फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएनं १७९८ मध्ये केला. पुढे ब्रिटिश म्युझियमच्या जॉन एडवर्ड ग्रेनं १८६७ मध्ये त्यातून दोन वंश वेगळे काढले, प्ल्युरोकोरॅलियम आणि हेमिकोरॅलियम. पॉलिप फांदीवर सगळीकडे आहेत की एकाच अंगाला, कंटिका कशा आहेत, असे त्याचे निकष. पुढच्यांना ते पटले नाहीत. विसाव्या शतकात सगळं पुन्हा कोरॅलियममध्ये जमा झालं. मग २००३ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेच्या फ्रेडरिक बेयर आणि स्टीव्हन केर्न्स यांनी पॅराकोरॅलियम हा वंश नव्यानं मांडला, त्यात जपानचं ते गर्द रक्तासारखं लाल पोवळं गेलं. सांगाड्यावरचे खोल चर आणि त्यांच्या मणीदार कडा हा त्याचा आधार.

यानंतर दहा-बारा वर्षांत जनुकीय तपासण्या आल्या आणि त्यांनी जो कौल दिला तो मला कुठल्याही रहस्यकथेपेक्षा रोचक वाटतो. ग्रे बरोबर होता. त्याचे दोन्ही वंश दीडशे वर्षांनी पुन्हा उभे राहिले. बेयर आणि केर्न्स यांचा नवा वंश मात्र टिकला नाही, कारण त्यातल्या जाती थेट कोरॅलियमच्या मधोमध जाऊन बसल्या. म्हणजे भूमध्यातल्या लाल पोवळ्याचे जवळचे भाऊबंद जपानच्या समुद्रात निघाले, तर पॅसिफिकमधली गुलाबी, पांढरी, ‘देवदूताची त्वचा’ म्हणून विकली जाणारी पोवळी बव्हंशी प्ल्युरोकोरॅलियममध्ये गेली. २०२२ मध्ये आठ बाहूंच्या सगळ्या प्रवाळांची फेरमांडणी झाली. त्यांचा दर्जा वाढून स्वतंत्र वर्ग झाला, जुने गण मोडले, आणि पोवळ्याचं कुल स्क्लेरअल्सियोनेसिया या नव्या गणात आलं. त्याच कुलात आता पॅरागॉर्जियासारखे खोल समुद्रातले मोठाले वृक्षाकार प्रवाळही घातले गेलेत. त्यांच्या गाभ्यात कंटिका सुट्याच राहतात, एकजीव दगड होत नाही. घासून चकाकी आणण्याजोगा कडकपणा, ज्याच्यापायी आपण पोवळ्याला रत्न म्हणतो, तो या कुलातल्या काही शाखांपुरताच आहे.

या सगळ्या काळात वर समुद्रावर पोवळं काढणं चालूच होतं. लाकडाचा जड क्रूस, त्याला दगड बांधलेले, टोकांना जाळ्यांचे झुपके, आणि हे धूड तळावरून ओढायचं. फांद्या मोडून जाळ्यात गुंततात. जेवढं हाती येतं त्याहून किती तरी जास्त मोडून तळाशी राहतं. ट्युनिशियाच्या किनाऱ्यालगतच्या टबार्काच्या बेटावर इटलीतल्या जेनोव्हाच्या लोमेलिनी घराण्यानं दोनशे वर्षं हा धंदा केला. पोवळ्याच्या शरीराचा खरा थोर अभ्यासक, आंरी द लाकाझ-द्युतिए, १८६० च्या सुमारास फ्रेंच सरकारच्या वतीनं अल्जीरियातल्या ला काल बंदरात राहिला तोही अशाच होड्यांच्या सोबतीत. त्यानं डिंभ जन्मताना पाहिले, बसताना पाहिले, पहिला पॉलिप वाढताना पाहिला, आणि १८६४ मध्ये ते सारं सुंदर रंगीत चित्रांसह छापलं. १८७५ ते १८८० या काळात सिसिलीच्या शाक्का गावासमोर मेलेल्या पोवळ्याचे प्रचंड साठे सापडले. होड्यांची झुंबड उडाली, माल इतका निघाला की भाव कोसळले. क्रूसावर युरोपीय संघानं बंदी घातली ती १९९४ मध्ये.

आणि हा माल जात कुठे होता? फार मोठा भाग आपल्याकडे. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात सांगतो की रोमन बायकांना भारतीय मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच भारतीयांना पोवळ्यांचं. त्याच शतकातलं एक ग्रीक खलाशी-टिपण भरूच बंदरात उतरणाऱ्या मालात पोवळं नोंदवतं. याच भरूचला पैठण आणि तेरहून गाड्या भरून माल जात असे. अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळी पाठवत आणि बदल्यात हिरे घेत. गोव्याच्या बाजूला हा व्यवहार सारस्वत व्यापारी घराणी पाहत, त्यांत कामतही होते. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, ज्यांचा धर्म, भाषा, कायदा वेगळा, असे लोक पत्रांच्या भरवशावर वर्षानुवर्षं हिरे आणि पोवळी अदलाबदल करत होते. त्याच काळात मार्सेयमध्ये पेसोनेल भांड्यावर वाकून पाहत होता. गोव्यात पोचलेल्या मण्यांच्या मालकांना, पाठवणाऱ्यांना, परिधान करणाऱ्यांना, आपल्या हातात प्राण्याचा सांगाडा आहे हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. आज आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यानं काही तरी बदलायला हवं असं मला वाटतं.

भूमध्य आटला तसे लोक पॅसिफिककडे वळले. जपानमध्ये तोसा प्रांताच्या सरंजामी सत्तेनं पोवळं काढण्यावर बंधन ठेवलं होतं. १८६८ नंतर ते उठलं. हवाईजवळ माकापूच्या समुद्रात ४०० मीटरच्या आसपास गुलाबी पोवळ्याचा ताटवा १९६६ मध्ये सापडला. मिडवे बेटांच्या पुढच्या समुद्रपर्वतांवर, जिथे कुठल्याच देशाचा कायदा लागू नव्हता, १९६५ पासून जपानी आणि तैवानी बोटींनी तळ खरवडला. काही वर्षं अमाप माल, मग नुसता खडक, मग पुढचा पर्वत. २०१४ च्या शरद ऋतूत जपानच्या ओगासावारा बेटांभोवती पोवळं चोरणाऱ्या दोनशेहून जास्त चिनी बोटी मोजल्या गेल्या.

वर्गीकरण हा कपाटातल्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावण्याचा उद्योग आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी इथे थोडं थांबावं. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात कोरॅलियम वंश घालावा असा प्रस्ताव २००७ मध्ये हेगला आला. समितीत मंजूर झाला आणि शेवटच्या सर्वसाधारण बैठकीत गुप्त मतदानानं पडला. २०१० मध्ये दोहाला पुन्हा आला, या वेळी सगळ्या कुलासाठी. बाजूनं जास्त मतं पडली, पण दोन तृतीयांश पडली नाहीत. विरोधकांच्या मुद्द्यांपैकी एक अगदी सरळ होता : घडवलेला, पॉलिश केलेला मणी कोणत्या जातीचा हे कस्टमच्या माणसानं ओळखायचं कसं? साल गेली की कंटिका गेल्या, कंटिका गेल्या की जातीची खूण गेली. उरला लाल किंवा गुलाबी दगड. चीननं २००८ मध्ये आपल्या बाजूनं चार जाती परिशिष्ट तीनमध्ये घातल्या, त्यातून कागदपत्रं तरी सक्तीची झाली. पण २०२२ च्या पनामा परिषदेपर्यंत त्यापुढे काही गेलं नव्हतं, आणि कोरॅलियम रुब्रम कुठल्याच परिशिष्टात नव्हतं. भूमध्यात मात्र स्थानिक नियम आहेत : ५० मीटरपेक्षा उथळ पाण्यात तोड बंद, बुंधा ७ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर हात लावायचा नाही, आणि काढायचं ते पाणबुड्यानं हातोडीनं, एकेक. सात मिलिमीटर म्हणजे वीस वर्षं तरी, बऱ्याच ठिकाणी तीसच्या वर. त्या वयाला प्रजनन नुकतं कुठे भराला येऊ लागलेलं असतं, म्हणून ही मर्यादा मला अपुरीच वाटते. शिवाय १९९९ आणि २००३ च्या उन्हाळ्यांत भूमध्याचं पाणी इतकं तापलं की उथळ पाण्यातल्या पोवळ्यांची साल गळून सांगाडे उघडे पडले. खोल पाण्यातल्या वसाहती त्यातून वाचल्या, आणि आता हातोड्याही त्याच खोलीकडे वळल्या आहेत.

ओळखता येत नाही हा आक्षेप मात्र आता पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. पोवळ्याच्या सांगाड्यात थरांबरोबर त्याचं थोडं जनुकद्रव्य अडकून राहतं, आणि घासलं, घडवलं, पॉलिश केलं तरी ते सगळं नष्ट होत नाही. झुरिकमधल्या न्यायवैद्यक शास्त्रज्ञांनी आणि स्विस रत्नपरीक्षकांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की दागिन्यातल्या पोवळ्याची चिमूटभरापेक्षाही कमी भुकटी पुरते. मागच्या बाजूनं, दिसणार नाही अशा जागी खरवडायचं, आणि जाती कळते, निदान कोणत्या जवळच्या गटातली ते तरी कळतं. पुण्या-मुंबईच्या सराफ पेढ्यांवर पोवळ्याबरोबर प्रमाणपत्र मिळतं, त्यावर वजन असतं, रंग असतो, ‘इटालियन’ किंवा ‘जपानी’ असं काही तरी असतं. माझ्या ओळखीतलं कुणी मंगळासाठी पोवळं घ्यायला निघालं तर मी त्यांना जातीचं नाव आणि ते कुठल्या समुद्रातून, कोणत्या परवान्यावर निघालं हे लिहून मागायला सांगतो. अजून एकाही दुकानदारानं ते लिहून दिलेलं नाही. पण दोघांनी, प्रश्न ऐकल्यावर, आपल्या घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला होता.